वारीच्या जॅकेटमध्ये बॅटरी शिवता येईल का? कापडाची बॅटरी खरंच असते का हो?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. आधीच सांगते मी इंजिनियर वगैरे नाही, शिवणकाम करते, ब्लाउज आणि शाळांचे गणवेश, त्यामुळे चुकीचं काही लिहिलं तर सांभाळून घ्या. आमच्या गल्लीतल्या सात-आठ जणी आणि माझ्या सासूबाई दरवर्षी आळंदीपासून दिंडीबरोबर चालतात. पहाटे अंधारातच निघायचं असतं आणि शेजारून ट्रक-टेम्पो असे घासून जातात की ऐकूनच पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी सासूबाईंच्या मागच्या बाईंना मोटरसायकलचा आरसा लागला, थोडक्यात निभावलं. तेव्हाच ठरवलं की यंदा सगळ्यांना लाईटचं जॅकेट शिवायचं.

केशरी कापड घेतलं, पाठीवर दहा बारके लाल एलईडी लावले, ऑनलाईन वीज वाहणारा दोरा मिळतो स्टीलचा, त्याने टाके घातले. पहिल्या जॅकेटला घड्याळात असतात तसले दोन बटणसेल लावले तर वीस मिनिटांत लाईट मलूल, आणि सेलपासून लांबचे एलईडी तर सुरुवातीपासूनच रडत होते. दुसऱ्या जॅकेटला चपटी लिथियमची बॅटरी आणली, खालच्या दुमडीत शिवून टाकली, भारी चाललं. पण सासूबाईंना सांगायचं राहिलं आणि त्यांनी ते जॅकेट साबण लावून दगडावर आपटून धुतलं. दोन दिवसांनी बघते तर पापडासारखी होती ती बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. उसवून काढली आणि गच्चीवर वाळूच्या बादलीत ठेवली, अजून तिथेच आहे.

आता भाचा म्हणतो मामी आता कापडाचीच बॅटरी निघालीये, दोऱ्याची पण निघालीये, ती शीव. ही थाप आहे का खरं आहे? खरं असेल तर मिळते कुठे, पावसात चालते का, आणि आपटून धुतली तर काय होतं? वारीला अजून दोन महिने आहेत.

फुकटसल्ला
रिफ्लेक्टिव्ह पट्टी लावा, ४० रुपये मीटर, विषय संपला. बॅटरी कशाला पाहिजे.

सुईदोरा
दादा पट्टी लावलीच आहे, पुढून मागून दोन्हीकडे. पण ती समोरच्याचा हेडलाईट पडला तरच चमकते ना, आणि आमच्याकडच्या निम्म्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना हेडलाईट असतोच कुठे.

ओहमकार
ताई पहिली गोष्ट, ती फुगलेली बॅटरी परत चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्याच्या गाडीत तर अजिबात टाकू नका, ई-कचरा घेणारे असतात त्यांना द्या. आत ज्वलनशील द्रव असतो आणि आत शॉर्ट झाला तर ती स्वतःच स्वतःला तापवत जाते. अंगावर असताना झालं नाही हे नशीब समजा. आपटून धुतल्यावर फुगली म्हणजे पाकिटाची शिवण सुटून ओल आत गेली किंवा आतले थर दुखावले, दोन्ही वाईटच.

आता हिशोब करू, त्याशिवाय काही कळणार नाही. दहा एलईडी, प्रत्येकी ५ मिलिअँपिअर, म्हणजे ५०. तुमचा तो बटणसेल बनलाय घड्याळाला वर्षानुवर्षं चिमूटभर करंट द्यायला, त्याच्याकडे एकदम ५० मागणं म्हणजे आजोबांना पाण्याची टाकी उचलायला लावण्यासारखं आहे. त्याच्या आतलाच रोध एवढा असतो की व्होल्टेज तिथेच बसतं. आणि लांबचे एलईडी रडण्याचं कारण बॅटरी नाहीच, तुमचा दोरा आहे. स्टीलच्या दोऱ्याचा रोध मीटरला ३० ओहमच्या आसपास धरा, ५० मिलिअँपिअर त्यातून गेला तर दीड व्होल्ट दोऱ्यातच खाल्ला जातो, ३ पैकी दीड! मग शेवटच्या एलईडीने काय खायचं.

लाईट सतत नको, लुकलुकता ठेवा, पाव वेळ चालू बाकी बंद. ३ व्होल्ट गुणिले ५० म्हणजे १५० मिलिवॅट, त्याचा पाव म्हणजे सरासरी साधारण ३७ मिलिवॅट, रोज तीन तास म्हणजे ११० मिलिवॅट-तास. हा आकडा लक्षात ठेवा, कापडाची बॅटरी म्हणून कोणी काही दाखवलं की विचारायचं, ११० देते का बोल.

बुसानचा_कोल्हापूरकर
वाह, माझ्या विषयावर धागा आणि मला आत्ता दिसला. मी गेली चार वर्षं इथे कोरियात हेच करतोय, कापडावर कार्बन फासणे. आमच्या लॅबमध्ये पाच जण मराठी आहेत त्यातले तीन कोल्हापूर-सांगलीचे, आणि यात आश्चर्य नाही, शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्याकडे सुपरकपॅसिटरवर इतकी वर्षं काम झालंय की तिथून निघालेली पोरं कोरियात गल्लोगल्ली सापडतात.

ताई, भाच्याने थाप नाही मारली पण अर्धंच सांगितलं. कापडात वीज साठवायचे ढोबळ दोन प्रकार. एक बॅटरी, तिथे रासायनिक क्रिया होते, साठा जास्त, पण भरायला-रिकामं व्हायला वेळ. दुसरा सुपरकपॅसिटर, तिथे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, नुसते कार्बनच्या पृष्ठभागाला येऊन चिकटतात आणि सुटतात, फार काही घडत-बिघडत नाही म्हणून लाखभर वेळा भरा-रिकामा करा चालतं, पण साठा कमी. लिथियमच्या चांगल्या सेलमध्ये किलोला २०० वॅट-तासाच्या आसपास मिळतात, सुपरकपॅसिटरला ५ ते १० मिळाले तरी खूप.

पण कापडावर सुपरकपॅसिटर करणं सोपं आहे म्हणून सगळे त्याच्या मागे. कार्बनला भरपूर पृष्ठभाग पाहिजे आणि सुती कापडाला तो आयताच असतो, एकेक तंतू पिळलेला, केसाळ. पुण्यात एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने २०१३ मध्ये झाडाच्या वाळलेल्या पानांपासून असा कार्बन करून दाखवला होता, पानं दळायची, हवा न लागू देता भाजायची, ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग. म्हणजे कच्चा माल काही चंद्रावरून आणायचा नाहीये. कापडावर धातूचा ऑक्साईड चढवायची आमची एक पद्धत आहे सिलार नावाची, एका द्रावणात बुडव, खळबळून काढ, दुसऱ्यात बुडव, खळबळून काढ, असं पन्नास-शंभर वेळा. आईला सांगितलं तर म्हणाली म्हणजे रंगारीच की तू.

मग दोन कापडं समोरासमोर, मध्ये जेल. जेल म्हणजे पीव्हीए, तो पाण्यात विरघळणारा प्लास्टिकसारखा पदार्थ, त्यात आम्ल किंवा मीठ. आणि इथेच गोची आहे. पाणी आलं की १.२३ व्होल्टच्या वर पाण्याचंच विघटन व्हायला लागतं, म्हणून एक सेल व्होल्टभरच चालवायचा. आता ओहमकारांच्या ११० वर येतो. चांगलं कापड चौरस सेंटिमीटरला १०० मिलिफॅरड (फॅरड म्हणजे कपॅसिटरच्या साठ्याचं माप) देतं धरा, १०० चौरस सेंटिमीटरचे झाले १० फॅरड, एका व्होल्टला ५ ज्यूल, म्हणजे १.४ मिलिवॅट-तास. ११० पाहिजेत तर साधारण ७,९०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.८ चौरस मीटर. अख्खं जॅकेट. तेही शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढलं तर, प्रत्यक्षात व्होल्टेज अर्ध्यावर आलं की एलईडी विझणार. मी माझ्याच पोटावर पाय देतोय पण तुमच्या कामाला सुपरकपॅसिटर नाही.

मिरजेची_मावशी
आम्ल म्हणालात? अंगाला लागणाऱ्या कपड्यात?? पोरांनो डोकं ठिकाणावर आहे का

बुसानचा_कोल्हापूरकर
मावशी बरोबर पकडलंत. सल्फ्युरिक आणि फॉस्फरिक आम्लाची जेल वापरतात कारण आयन पळतात चांगले आणि पेपरात आकडे छान येतात. घालायच्या कपड्यासाठी लिथियम क्लोराईडसारखं मीठ किंवा जस्ताचे क्षार बरे. कुठलंही घेतलं तरी वर सील पाहिजेच. सील केलं की कापडातून हवा जाणं बंद, आणि मग ते कापड कसलं, रेक्झिनच झालं. हा प्रश्न कोणीच धड सोडवलेला नाही, आम्ही पण नाही.

अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात मॅक्सिन नावाचा पदार्थ सापडला २०११ मध्ये, टायटॅनियम आणि कार्बनचे कागदाहून पातळ पापुद्रे, पाण्यात शाईसारखे कालवता येतात. त्यांनी सुती कापड त्या शाईत बुडवून पाच सेल एकावर एक रचून ६ व्होल्टचा तुकडा केला आणि त्याच्यावर आर्डुइनो नावाचा छोटा संगणक-बोर्ड आणि तापमानाचा सेन्सर दीड तासाच्या वर चालवला, बिनतारी माहिती पाठवत. पाच सेल, ६ व्होल्ट, म्हणजे सेलला १.२, बघा पाण्याची ती मर्यादा कशी आडवी येते. आणि तो तुकडा हवाबंद पाकिटात बंद होता. अशा कामाला, म्हणजे दिवसात कधीतरी एक आकडा पाठवणारा सेन्सर, त्याला हे कापड उत्तम आहे. दहा लाल दिव्यांना नाही.

कांडीवाला
ह्यात माझं काय काम न्हाई पण धागा म्हटल्यावर ऱ्हावलं न्हाई. आमचे इचलकरंजीत माग हायत, आधी साधे होते आता चार रॅपियर, म्हंजे धोट्याबिगर आडवा धागा नेणारे. तुमी कापड बुडवून बॅटरी करताय ते ठीक, पण सुईदोरा ताईंचा भाचा दोऱ्याची बॅटरी म्हणतोय त्याबद्दल कोणच बोलंना. दोराच बॅटरी असंल तर तो मागावर चढणार का? ते सांगा आधी.

कारण कसं हाय, उभा धागा बीमवरनं निघतो, वईच्या डोळ्यातनं जातो, फणीतनं जातो, आणि मिनिटाला दोन-तीनशे वेळा वर-खाली खेचला जातो आणि फणी त्याला घासती. साधा सुती धागा टिकंना म्हणून तर आमी सायझिंग करतो, खळ चढवतो. त्यात तुमची बॅटरी घातली तर फणी सोलून काढंल तिला, केळं सोलल्यागत. म्हणजे आडव्यात घालाय पायजे, आडव्याला मार कमी. पण रॅपियरवर आडवा धागा प्रत्येक खेपंला दोन्ही कडंला कापला जातो. बॅटरी कापली तर काय होतं ते वरच्यांनी सांगिटलंयच. साध्या मागावर धोट्यातनं कांडी जाती, तिथं धागा कापत न्हाई, किनारीला वळून परत येतो, म्हणजे लांबच्या लांब सलग ऱ्हातो. पण तो वळतो कसा, टाचणीच्या डोक्यावरनं वळल्यागत. ते सोसंल का बॅटरीला? गंमत हाय, भंगारात घातलेला माग ह्या कामाला बरा पडणार.

बुसानचा_कोल्हापूरकर
दादा हा प्रतिसाद मी प्रिंट काढून लॅबमध्ये लावणार आहे. खरंच. आमच्यातल्या कोणीही माग बघितलेला नाही, आम्ही हाताने चार दोरे गुंतवून फोटो काढतो आणि खाली लिहितो विणता येण्याजोगं.

दोऱ्याच्या बॅटरीवर सगळ्यात पुढे शांघायच्या फुदान विद्यापीठातला फंग हुईशंग यांचा गट आहे. २०२१ मध्ये त्यांनी मीटर-मीटर लांबीचे लिथियम-आयन दोरे दाखवले, आत दोन तारा, एकीवर लिथियम कोबाल्ट ऑक्साईडचा लेप एकीवर ग्रॅफाईटचा, मध्ये पापुद्रा, एकमेकींना पीळ देऊन नळीत घातलेल्या आणि नळीत द्रव. किलोला ८५.६९ वॅट-तास, आणि हे वरच्या नळीसकट वजन धरून, म्हणून मी त्याला मान देतो. एक लाख वेळा वाकवूनसुद्धा ८० टक्के क्षमता राहिली. आणि दादा, त्यांनी विणलं ते चक्क कारखान्यातल्या रॅपियरवर.

त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. सगळ्यांना वाटायचं दोरा जितका लांब तितका आतला रोध वाढणार, साध्या तारेसारखा. त्यांनी मोजलं तर उलटं, लांबी वाढवली की रोध कमी होत जातो आणि मग एका जागी स्थिरावतो. कारण विचार केला तर सोपं आहे, आयनांना लांबीच्या दिशेने पळायचंच नसतं, ते एका तारेवरून शेजारच्या तारेवर उडी मारतात, आणि दोरा लांब म्हणजे उडी मारायला काठ लांब. नदीला घाट जितका लांब तितकी एका वेळी जास्त माणसं उतरणार, चंद्रभागेवर बघितलंयच सगळ्यांनी. २०२४ मध्ये त्यांनीच द्रवाच्या जागी जेल घालून किलोला १२८ वॅट-तासांपर्यंत नेलं, जेलचा फायदा म्हणजे कापलं तरी गळणार नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी पण २०२१ मध्ये १४० मीटरचा सलग दोरा ओढला, ऑप्टिकल फायबर ओढतात तसा, जाड कांडं तापवायचं आणि ओढत न्यायचं. पण अख्ख्या १४० मीटरमध्ये १२३ मिलिअँपिअर-तास. म्हणजे मीटरला एकसुद्धा नाही.

ओहमकार
ठीक आहे, मग ११० मिलिवॅट-तासाला फुदानचा दोरा दीड ग्रॅमच्या आत येतो. हे मात्र खरंच भारी आहे. पण ताईंनी विचारलेला प्रश्न, मिळतो कुठे?

बुसानचा_कोल्हापूरकर
दुकानात नाही मिळत. तुम्हाला-मला नाही.

ओहमकार
तेच म्हणतोय. आणि एक सगळ्यांसाठी, नेटवर या विषयाच्या बातम्या वाचताना. किलोला इतके इतके वॅट-तास लिहिलेलं असतं ना, ते बऱ्याचदा फक्त वरच्या लेपाचं वजन धरून असतं. कापडाचं वजन चौरस सेंटिमीटरला १०-१५ मिलिग्रॅम, लेप १ मिलिग्रॅम, वर जेल, वर सील. म्हणजे पुरणातली वेलची तोलून पोळीचा भाव सांगितल्यासारखं. हे मी म्हणत नाही, याच क्षेत्रातले मोठे लोक, पॅट्रिस सिमॉन आणि ज्या मॅक्सिनबद्दल वर लिहिलंय त्यातलेच युरी गोगोत्सी, यांनी २०११ मध्येच सायन्स नावाच्या नियतकालिकात लिहून कान उपटलेत, पूर्ण उपकरणाचा आकडा द्या म्हणून.

फुकटसल्ला
म्हणजे माझी पट्टीच बरी. ४० रुपये मीटर.

सुईदोरा
आणि धुण्याचं काय? ते कोणीच सांगितलं नाही. सासूबाई मशीनमध्ये धुणार नाहीत आणि वारीत मशीन नसतंच, टँकरच्या पाण्यात नाहीतर नदीवर.

बुसानचा_कोल्हापूरकर
धुण्यात मला माहीत असलेलं सगळ्यात धडधाकट उदाहरण कॅनडातलं, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ, २०२१. लिथियम नाही, जस्त आणि मँगनीज डायॉक्साईड, तुमच्या टॉर्चच्या सेलमधलीच जोडी. दोन्ही दळून रबरासारख्या पदार्थात कालवलेलं, पातळ थर एकावर एक, आणि सील पण त्याच रबराचं, त्यामुळे सांधाच असा नाही, सगळं एकजीव. दुप्पट ताणता येते आणि ३९ वेळा वॉशिंग मशीनमधून काढली तरी चालत होती. जस्त अंगाजवळ बरं, पेट घेत नाही. पण दगडावर आपटून कोणी बघितलं नाहीये ताई. धुण्याच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात पाणी किती, तापमान किती, किती वेळ फिरवायचं सगळं लिहिलंय, आपटणे हा प्रकारच नाही.

कांडीवाला
मग घाला म्हणावं. निम्मी दुनिया आपटूनच धुती.

मिरजेची_मावशी
गुगलने ते जीन्सच्या कंपनीबरोबर जॅकेट काढलं होतं ना, बाहीवर हात फिरवला की गाणं बदलायचं, माझ्या जावयाने अमेरिकेहून आणलं होतं. ते धुवायचं की नाही यावर घरात भांडण

ओहमकार
हो, लिव्हाइसचं, २०१७ ला आलं, ३५० डॉलर. आणि मावशी ते या धाग्यावर अगदी चपखल आहे, कारण एवढे पैसे आणि एवढी डोकी असूनसुद्धा त्यांनी बॅटरी कापडात घातलीच नाही. कापडात फक्त वीज वाहणारे धागे विणले, बॅटरी आणि ब्लूटूथ बाहीच्या कफला लावायच्या एका चिमुकल्या टॅगमध्ये, धुताना तो काढायचा. तरी धुण्याची मर्यादा दहाएक वेळाच सांगितली होती. जीन्सचं जॅकेट लोक वर्षात दोनदा धुतात म्हणून खपलं.

म्हणून ताई माझा सल्ला, वाईट वाटून घेऊ नका, कापडाची बॅटरी विसरा, काढता येणारी बॅटरी करा. आणि लिथियम पण नको. दोन ट्रिपल-ए सेल, रिमोटमधले. ३ व्होल्ट, लाल एलईडीला २ लागतात, मध्ये छोटा रेझिस्टर प्रत्येकाला. अल्कलाईन सेल हजारएक मिलिअँपिअर-तासाचा असतो, तुमचा सरासरी खर्च साडेबारा, म्हणजे ८० तास, रोज तीन तास म्हटलं तर एका जोडीत वारी निघते. शेवटी थोडा मंद होईल. संपलाच तर लोणंदच्या किराणा दुकानात पण मिळेल, फुदानचा दोरा मिळणार नाही.

सुईदोरा
वाईट कशाला वाटेल, हे मला जमण्यासारखं आहे. पण सेलची पेटी जॅकेटला जोडायची-काढायची कशी? वायरची पिन सासूबाईंना जमणार नाही, बोटं वाकत नाहीत त्यांची.

ओहमकार
टिचबटण! तुमच्याकडे डबाभर असतील. धातूचं टिचबटण म्हणजे आयतं कनेक्टर. ईसीजी काढताना छातीला चिकटवतात त्या पट्ट्यांना पण टिचबटणच असतं. एक बटण मोठं एक लहान लावा म्हणजे उलटं लागणारच नाही. फक्त घामाने हिरवट गंज येतो, अधूनमधून लिंबाने घासा आणि नीट कोरडं करा.

जुनीपैठणी
मी नुसती वाचत होते पण दोऱ्याच्या रोधावरून एक आठवलं. आमच्याकडे आजेसासूबाईंचा विरलेला शालू आहे, मुलाच्या मल्टिमीटरने सहज त्याची जर तपासली तर पीं वाजला! मग माझ्या नव्या साडीची तपासली तर काहीच नाही.

बुसानचा_कोल्हापूरकर
कारण जुनी जर म्हणजे धातूची चपटी तार रेशमावर गुंडाळलेली, नवी स्वस्तातली जर म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा हबका आणि वर वार्निश. आणि तुम्ही अगदी मुळावर बोट ठेवलंत. १९९७ मध्ये एमआयटीच्या पोस्ट आणि ऑर्थ या दोघांनी हुशार कापडावरचा पेपर लिहिला, सुरुवातीच्या पेपरांपैकी, त्यात सर्किट काढलं ते भारतात विणलेल्या रेशमी ऑर्गंझावर, आडव्या धाग्याला तांब्याची पातळ पत्री गुंडाळलेली. म्हणजे आपली जरच. ते लिहितात की हे कापड निदान शंभर वर्षं विणलं जातंय. आपण लग्नात नेसत होतो, त्यांनी त्यातून वीज नेली.

हेडफोनच्या वायरमध्ये पण हीच रचना असते, दोऱ्यावर तांब्याची पट्टी पिळलेली, म्हणून ती लाख वेळा वाकूनही तुटत नाही. ताई स्टीलचा दोरा सोडा आणि ही तांब्याची टिन्सल घ्या, रोध मीटरला ओहमच्या आतबाहेर. तुमचे लांबचे एलईडी रडायचे थांबतील.

कांडीवाला
तांब्याची जर असंल तर टाके घालत बसू नका. आमच्या गल्लीत एकाकडं पट्टी विणायची मशीन हाय, नाडी, लेस, बेल्टची पट्टी. दोन इंची पट्टीत मधी दोन तारा सोडल्या उभ्यात तर? पट्टी अरुंद आसती, ताण कमी, स्पीड कमी. तारंला वाटंतनं वेगळ्या रिळानं सोडायची, बीमवर चढवायची गरज न्हाई. मग नुसती पट्टी जॅकेटवर शिवायची, जिथं एलईडी पायजे तिथं टाका.

सुईदोरा
दादा तुम्ही हे करून द्याल???

कांडीवाला
तार पाठवा. बघू.

सुईदोरा
(एकादशी होऊन आठवडा झाला, आत्ता लिहायला वेळ मिळाला)
तर मंडळी, आठ जॅकेटं गेली. पट्टी वारीच्या चार दिवस आधी पोचली, रात्री जागून शिवली. एलईडी तारेला डाग देऊन जोडले आणि त्यावर नेलपॉलिशचे दोन हात दिले, सिलिकॉन संपलं होतं. सेलची पेटी छातीवरच्या खिशात, दोन टिचबटणं, लहान-मोठं, ओहमकार दादांनी सांगितलं तसं. खिशाला आतून दुधाच्या पिशवीचं अस्तर.

आठपैकी सहा पंढरपूरपर्यंत लुकलुकत गेली. एकाचं टिचबटण दिवे घाटाच्या आधीच सैल झालं, चूक माझी, कापड पातळ होतं आणि मी मागे कॅनव्हासचा तुकडा लावला नव्हता. दुसऱ्यात पाणी शिरलं, पट्टीच्या टोकाला जिथे तारा उघड्या राहतात तिथून, आणि तिथलं तांबं हिरवंगार. मधे कुठेही काही झालं नाही, सगळं झालं ते सांध्यात. सेल एकाच बाईंनी बदलले, कारण त्या दिवसासुद्धा लाईट चालू ठेवायच्या, छान दिसतं म्हणून. आणि सासूबाईंनी पेटी काढून जॅकेट नीरेत आपटून धुतलं, तीनदा, ते चालू आहे.

एक नवीनच भानगड झाली. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिंडीतले इतर लोक विचारायला लागले, ही दिवेवाली जॅकेटं कुठे मिळतात. पुढच्या वर्षी निदान चाळीस पाहिजेत. विणेकरी बुवा म्हणाले खिसा नको, वीणा घासते त्याच्यावर, पेटी कुठेतरी सपाट करा. म्हणून परत विचारते, ती जस्ताची रबरासारखी, ती तरी कधी मिळेल?

बुसानचा_कोल्हापूरकर
चाळीस जॅकेटं!! अभिनंदन ताई. जस्ताच्या छापील पातळ बॅटऱ्या मिळतात पण बहुतेक एकदाच वापरायच्या आणि क्षमता थोडी. वाकणाऱ्या लिथियमच्या पण आहेत, पॅनासोनिकने २०१६ मध्ये ०.५५ मिलिमीटर जाडीची दाखवली होती, २५ मिलिमीटरच्या गोलाईपर्यंत वाकणारी, म्हणजे मनगटाला चालेल, पण चुरगळलेलं, पिळलेलं नाही चालणार. विणेकरी बुवांसाठी पेटी पाठीवर मानेच्या खाली घ्या, तिथे वाकणं सगळ्यात कमी. मी डिसेंबरमध्ये कोल्हापूरला येतोय, आमच्याकडची जस्ताची चार-पाच सेल घेऊन येतो, विकत नाही, सासूबाईंना आपटायला द्यायची आहेत. खरंच. आमच्या कुठल्याच मशीनमध्ये ती चाचणी नाही.

सुईदोरा
या की, जेवायलाच या. सासूबाई म्हणतात दगड धुऊन ठेवते.

ओहमकार
पट्टीची टोकं उघडी ठेवू नका या वेळी, तारेचं टोक दुमडून आत घ्या आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी घाला, नेलपॉलिश नाही.

कांडीवाला
चाळीसची पट्टी म्हंजे शंभर मीटर धरा. करतो. पैशाचं नंतर बघू, येताना बुक्का आणि चुरमुरे आणा म्हंजे झालं. फकस्त तार पाठवताना गेज, म्हंजे तारंची जाडी, लिहून पाठवा, मागच्या खेपंला चिठ्ठीवर नुसतं पातळ असं लिहिलंवतं, मशीनवाला दोन दिवस माझं डोकं खात बसलावता.